कीबोर्ड परत माझ्याकडे सरकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

काल संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावरचा, आवाज कमी-जास्त करायचा माझा डायल पहिल्यांदा नीट फिरला. माऊसने ओढला तरी, बाणांच्या कळांनी फिरवला तरी, खिडकी लहान-मोठी केली तरी. ते बघताना डोळे भरून आले आणि आधी तुमची आठवण झाली. समोर येऊन बोललो असतो तर 'त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून हे उघड पत्र.

डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनसाठी स्वतःचं कंट्रोल, म्हणजे बटण किंवा डायलसारखा पडद्यावरचा भाग, बनवायला शिकायचं, हे मी दोन वर्षं मनात धरून होतो. पैसे भरून एक कोर्सही केला. तिथे शिकवलं ते इतकंच: डावीकडच्या पट्टीतून तयार बटण उचला, खिडकीत सोडा, डबल क्लिक करा आणि कोड लिहा. बटण दाबल्यावर ते दबल्यासारखं दिसतं ते कसं, असं विचारलं तर 'ते आपोआप होतं, आपल्याला काय करायचंय' असं उत्तर मिळालं. आपोआप काहीच होत नसतं हो. कुणीतरी बसून ते लिहिलेलं असतं, आणि मला त्या कुणीतरीसारखं व्हायचं होतं.

नंतर ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकाने माझ्या पुढ्यातला कीबोर्ड ओढून घेतला, भराभर चार ओळी टाईप केल्या, 'चाललं ना?' म्हणाला आणि गेला. त्या चार ओळी कित्येक महिने माझ्या कोडमध्ये होत्या आणि त्या काय करतात हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याने सांगितलं, जिथे अडेल तिथे 'रीपेंट', म्हणजे चित्र पुन्हा काढायला सांगणारी ओळ, टाकत जा. मी टाकत गेलो. तिसऱ्याने नुसतं 'एवढंही येत नाही?' असं विचारलं. त्यानंतर मी विचारणंच सोडून दिलं होतं.

तुम्ही तर आमच्या टीममध्येही नव्हता. जाता जाता माझ्या स्क्रीनकडे बघून थांबलात. जावा भाषेतल्या 'स्विंग' या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात काढलेला एक गोल डायल, त्यात एक सुई. क्लिक केलं की सुई तिथे जायची, पण खिडकीचा कोपरा ओढला की नाहीशी व्हायची. तुम्ही थांबलात तशी मी सवयीने खुर्ची मागे घेतली आणि कीबोर्ड तुमच्याकडे सरकवला. तुम्ही तो परत माझ्यापुढे सरकवलात, दोन्ही हात पाठीमागे बांधलेत आणि उभ्या राहिलात.

ताई, त्या हातांबद्दलच मला लिहायचं आहे. चाळीसेक मिनिटं ते हात पुढे आले नाहीत. उत्तर तुम्हाला पहिल्या मिनिटातच दिसलं होतं, हे मला आज कळतं. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "खिडकी पुन्हा रंगवायची वेळ आली, तर सुई कुठे होती हे कुणाच्या लक्षात आहे?" मी खूप वेळ गप्प होतो. तुम्हीही गप्प. मग मी म्हणालो, कुणाच्याच नाही. क्लिक झाल्या झाल्या मी 'गेटग्राफिक्स'ने थेट पडद्यावर रेघ ओढत होतो, पण सुईचा कोन कुठे जपूनच ठेवला नव्हता. करायला हवं होतं ते असं: क्लिकने फक्त आकडा बदलायचा, 'रीपेंट'ने विनंती करायची, आणि 'पेंटकंपोनंट'ने दर वेळी त्या आकड्यावरून सगळं चित्र नव्याने काढायचं. मध्येच मी पुन्हा जुनीच चूक लिहायला लागलो, तेव्हा तुमचा उजवा हात अर्धा पुढे आला आणि मागे गेला. मी पाहिलं ते. शिकवणाऱ्याने स्वतःला असं आवरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

'रीपेंट' ही नुसती विनंती असते, आणि एकामागोमाग केलेल्या दहा विनंत्यांचं मिळून एकच रंगवणं होऊ शकतं, हेही त्याच दिवशी उमगलं. आकडा वेगळा आणि चित्र वेगळं ही मांडणी नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकाऊग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात केली, हे तुम्ही नंतर सांगितलंत. इतकी जुनी गोष्ट, आणि कोर्समध्ये तिचा उच्चारही झाला नव्हता!

पुढच्या भेटीत तुम्ही मला एका साध्या बटणावर माऊस दाबून धरायला लावलात. मग तसाच बाहेर ओढून सोडायला सांगितलंत. काहीच झालं नाही. "माणसाला मन बदलायला जागा ठेवलीय," एवढंच म्हणालात. रोज बटणं दाबूनही माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं असेल, त्याने आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाची धाकधूक ओळखली होती. मला वाटतं, चांगुलपणा असाच असतो. जो माणूस समोर नाही त्याचाही विचार करून ठेवलेला असतो, आणि घेणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. तुमच्यासारख्या माणसांमुळे तो मला दिसायला लागला.

बाकीचं हळूहळू जमलं. सुई डावीकडे मधोमध आली की कोन १८० वरून एकदम उणे १८० व्हायचा आणि आवाज शेवटाला उडी मारायचा. त्यात दोन रात्री गेल्या, पण तो दोष मी स्वतः शोधला. कोर्समधली ती तयार बटणं आता मी वेगळ्याच नजरेने बघतो. त्यांतल्या प्रत्येकामागे कुणाच्या तरी अशा रात्री असणार.

अजून एक अडलंय. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, माझ्या डायलचा आकडा वाचून दाखवत नाही, त्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी माझा डायल अजून बनलेलाच नाही, आणि ते मला सलतंय. सोमवारी वेळ असेल तर याल का? तुम्ही फक्त उभ्या राहा. टाईप मी करतो.

तुमचा ऋणी,
डायलवाला