क्राऊन-पिनियन बदलण्याआधी इंजिनाकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई–आग्रा महामार्ग चौपदरी झाल्यापासून जुन्या आलिशान मोटारी बाळगणाऱ्या हौशी मालकांची एक तक्रार वारंवार कानांवर येते. गाडी ऐंशीच्या वेगाला गेली की इंजिन ओरडते, तेव्हा मागचे क्राऊन-पिनियन (इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) बदलून द्या, असे त्यांचे म्हणणे असते. धुळ्यात या कामात केस पांढरे झालेला माणूस म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

क्राऊनला ४१ आणि पिनियनला ९ दात असलेल्या मोटारीच्या चाकाचा परीघ अडीच मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २,४३० फेरे घेते. पिनियन ११ दातांचे केले की तेच फेरे १,९९० वर येतात. एवढ्यावर पाहिले तर सौदा फायद्याचाच दिसतो. परंतु टॉप गिअरमधली ओढही त्याच हिशोबाने १८ टक्क्यांनी घटते, आणि ते चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना लगेच कळते. उतरताना इंजिनाचा ब्रेक कमी पडतो, तो धोका वेगळाच. १९११ साली रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट मोटार लंडनहून एडिंबरोपर्यंत टॉप गिअरमध्येच गेली, हा दाखला येथे हमखास दिला जातो. मात्र त्या इंजिनाची क्षमता सात लिटरहून अधिक होती, हे सांगायचे राहून जाते.

मुख्य मुद्दा इंजिनाच्या थरथरीचा आहे. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे इंजिन मुळात समतोल असते, पण त्याचा लांब क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) प्रत्येक स्फोटासरशी पिळला जातो आणि ठरावीक फेऱ्यांवर ही थरथर वाढते. ती शोषून घेण्यासाठी क्रँकच्या पुढच्या टोकाला डँपर बसवलेला असतो. वर्षानुवर्षे उघडला न गेल्याने तो अनेकदा जाम झालेला आढळतो. अशा स्थितीत क्राऊन-पिनियन बदलले आणि नेमका रोजचा वेग त्याच फेऱ्यांवर येऊन बसला, तर खर्च करून त्रास विकत घेतल्यासारखे होते. म्हणून आधी डँपर मोकळा करावा, सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासावे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) व टायमिंग (ठिणगीची वेळ) जुळवावे, इंजिन धरून ठेवणारे, दगडासारखे झालेले रबरी माउंटिंग बदलावेत आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा. एवढे झाल्यावर निम्मे मालक क्राऊन-पिनियनचे नावही काढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना तरीही बदल हवा असेल त्यांनी ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचा, विचार करावा, कारण त्यात घाटासाठी मूळ गिअर हाताशी राहतो. खुद्द बेंटलीने १९३८ मध्ये सव्वाचार लिटरच्या मोटारीला, लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी, ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स दिला होता. आपल्याकडे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात, कमी फेऱ्यांवर इंजिन रेटत नेले की ते नॉकिंग करू (ठोकल्यासारखा आवाज देऊ) लागते आणि बेअरिंगांवर भार येतो, हेही ध्यानात घ्यावे.

क्राऊन-पिनियन बदललेच, तर गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवील, तोही दुरुस्त करून घ्यावा. आणि काढलेली जुनी जोडी भंगारात न देता ग्रीस लावून, तारेने एकत्र बांधून ठेवावी; ते दोन भाग एकमेकांशी घासून जुळलेले असतात आणि त्यांतला एक हरवला की दुसरा निरुपयोगी ठरतो.

आपला,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक, धुळे