रस्त्याची डावी कड सायकलस्वाराला खरोखर मिळते का?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यातील सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्या भांडणांविषयी बोलणे निघाले की ते बहुधा शिस्तीवर येऊन थांबते. सायकलवाले मध्येच येतात असे एका बाजूचे म्हणणे असते, तर गाडीवाले अंगावर येतात असे दुसऱ्या बाजूचे. मी निवृत्त शिक्षिका आहे. आठवड्यातून चार दिवस कोथरूडहून डेक्कनपर्यंत सायकलने जाते आणि वयोवृद्ध आईला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा त्याच रस्त्याने मोटार चालवते. दोन्ही जागी बसून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, या वादाचे मूळ माणसांच्या स्वभावात फारसे नाही. ते रस्त्याच्या डाव्या कडेच्या दीड मीटर पट्ट्यात आहे, आणि त्या पट्ट्याची अवस्था मोटारीत बसलेल्या माणसाला दिसत नाही.

माझ्याच बाबतीत घडलेला एक प्रसंग सांगते. काही दिवसांपूर्वी संध्याकाळी कर्वे रस्त्याने नळ स्टॉपच्या दिशेने परत येत होते. पुढे ड्रेनेजचे एक झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा चांगलेच खाली बसलेले होते आणि त्याच्या लगेच पुढे एक रिक्षा प्रवासी उतरवण्यासाठी थांबली होती. मी मागे वळून पाहिले, हात दाखवला आणि दोन हात उजवीकडे सरकले. मागच्या मोटारीने लांबलचक हॉर्न वाजवला, अगदी खेटून पुढे गेली आणि काच खाली करून चालकाने सांगितले, “ओ काकू, कडेने चालवा ना!” पुढच्या सिग्नलला आम्ही शेजारी शेजारीच थांबलो. मी त्यांना शांतपणे विचारले की, त्या झाकणात माझे पुढचे चाक गेले असते तर मी कोणत्या बाजूला पडले असते. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “झाकण मला दिसलंच नाही हो.” ते खरे बोलत होते. मोटारीच्या उजव्या बाजूला बसलेल्या चालकाला समोरच्या डाव्या कडेचा बराच भाग बॉनेटमुळे आणि काचेच्या खांबामुळे दिसतच नाही. चार रुंद चाके आणि सस्पेन्शन असल्यामुळे त्या कडेवरून गेले तरी त्याला एक हलका धक्का बसतो, एवढेच.

सायकलच्या टायरची रुंदी तीन-चार सेंटिमीटर असते. डांबर आणि गटाराकडेचे काँक्रीट यांच्या सांध्यात पडलेली भेग मोटारीला लागत नाही, पण त्या भेगेत सायकलचे चाक लांबीच्या दिशेने अडकले तर हँडल वळवता येत नाही आणि माणूस आडवा पडतो. पावसाच्या पाण्यासाठी बसवलेल्या जाळीच्या पट्ट्या वाहतुकीच्या दिशेला समांतर असतील तर तेच होते. पावसाळ्यानंतर कडेला साठलेली बारीक खडी, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, केबलसाठी खणून घाईने बुजवलेले चर हे सगळे नेमके त्या पट्ट्यातच येते, कारण रस्त्याचा उतार कडेकडे असतो आणि मोटारींची चाके मधला भाग झाडून स्वच्छ ठेवतात.

शिवाय तो पट्टा मोकळा कधी असतो? सकाळपासून तेथे मोटारी उभ्या असतात आणि त्यांपैकी कोणत्या मोटारीचे दार केव्हा उघडेल हे सायकलस्वाराला कळण्याचा मार्ग नसतो. रिक्षा प्रवाशांसाठी तेथेच वळतात, बस थांब्याकडे येताना तेथेच आत घुसते, पदपथ विक्रेत्यांनी आणि उभ्या दुचाक्यांनी भरलेला असल्यामुळे पादचारीही तेथेच उतरतात. आणि पुण्यात ‘गाडी’ म्हटले की जिचा अर्थ दुचाकी होतो, ती गाडी कोंडीतून पुढे सरकण्यासाठी डावीकडूनच कट मारते. एवढ्या सगळ्यांच्या वाटणीतून जो हातभर रस्ता उरतो, तो सायकलचा, असे गृहीत धरले जाते. त्यातून ती बाहेर आली की ‘मध्ये आली’ असे म्हटले जाते.

नियम काय सांगतो, तेही येथे नोंदवायला हवे. रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियम आपल्याकडे मोटारींसाठीही आहे. १९८९ च्या रस्ता नियम विनियमांत तो लिहिताना, परिस्थितीनुसार योग्य असेल तितके डावीकडून, अशीच शब्दयोजना होती. गटाराला चिकटून चालावे, असा त्याचा अर्थ नव्हता. त्याच विनियमांत पुढच्या वाहनाला उजव्या बाजूने ओलांडावे, असेही सांगितले होते. रस्ता अरुंद असेल आणि एकाच लेनमध्ये मोटार व सायकल सुरक्षित अंतर राखून मावत नसतील, तर सायकलस्वाराने कडेला चिकटून राहणे सर्वांत धोक्याचे असते. तसे केले की मागच्या चालकाला जागा आहे असा भास होतो, आणि जी नाही त्या जागेतून तो पुढे जाऊ पाहतो. अशा ठिकाणी लेनच्या मध्याकडे सरकून पुढचे पन्नास-साठ मीटर मागच्याला थांबवून ठेवणे हा उद्धटपणा वाटतो, हे मला माहीत आहे. मी तो केवळ जिवाच्या काळजीने करते, एवढेच सांगते.

सुरक्षित अंतर म्हणजे किती, याविषयी इतर देशांनी संदिग्धता ठेवलेली नाही. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीतील रस्त्यांवर सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणे नियमानेच बंधनकारक केले. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ मध्ये केलेल्या बदलांतही निदान दीड मीटरचे अंतर सांगितले आहे. त्याच बदलांत मोटारीचे दार दारापासून लांबच्या हाताने उघडण्याची सूचनाही आली. आपल्याकडे चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडले, तर त्याचे खांदे आणि मान आपोआप मागे वळतात आणि येणारी सायकल दिसते. या सवयीला पैसा लागत नाही. वाहन परवान्याच्या चाचणीच्या वेळीच ती शिकवली, तर सायकलस्वारांचे किती तरी हातपाय वाचतील.

अंतराइतकाच वेगाचा प्रश्न आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, हे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले. मात्र ताशी पन्नासच्या वेगाने मोटार कोपराजवळून जाते, तेव्हा हवेच्या झोताने हँडल कसे हलते, हे फळ्यावर लिहून कळत नाही. त्यातून कोथरूडकडे परतताना चढ आहे, आणि चढावर सायकल हळू चालते व थोडी झोकांड्या खाते. त्यामुळे जेथे दीड मीटर अंतर सर्वाधिक लागते, तेथेच मागचा चालक सर्वाधिक अधीर झालेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे रस्ता सुरक्षेविषयी झालेल्या जागतिक मंत्री परिषदेच्या घोषणापत्रात, जेथे वाहने आणि पायी किंवा सायकलने जाणारे लोक एकत्र येतात, तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, असे म्हटले आहे. आपल्या पेठांतील आणि शाळांभोवतीच्या रस्त्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

यावर काही मोटारचालक विचारतात, “तुमच्यासाठी सायकल ट्रॅक बांधले आहेत, मग रस्त्यावर कशाला येता?” प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २००६ मध्ये शहरात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची व्यवस्था, सुरू झाली, तेव्हापासून सायकल ट्रॅकची भाषा आपण ऐकतो आहोत. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे कल्पिले होते. जंगली महाराज रस्त्याचे नूतनीकरण झाले, तेव्हा रुंद पदपथाबरोबर सायकलसाठी जागा ठेवली गेली आणि ती कल्पना मला मनापासून आवडली होती. परंतु एखाद्या ट्रॅकवरून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. शे-दोनशे मीटरवर तो एखाद्या दुकानाच्या उताराशी तुटतो, पुढे दुचाक्यांना अडवण्यासाठी लावलेल्या खांबांतून सायकलचे हँडलही अवघडत निघते, मग एखादे झाड किंवा विजेची पेटी येते, आणि चौकात, म्हणजे जेथे संरक्षणाची सर्वांत अधिक गरज असते तेथे, ट्रॅक संपून आपण अचानक वाहतुकीत सोडले जातो. पदपथ आणि सायकल ट्रॅक यांवरून मोटार वाहन चालवू नये, हा नियम १९८९ पासून आहे. तरी सिग्नल लाल असताना ट्रॅकवरून पुढे जाणाऱ्या दुचाक्या पुणेकरांनी पाहिलेल्या नाहीत असे कोण म्हणेल? अशा तुकड्यांवर सक्तीने जायला लावणे म्हणजे दर दोनशे मीटरवर सायकलस्वाराला नव्याने वाहतुकीत शिरायला लावणे होय.

आता सायकलस्वारांच्या चुकांविषयी. त्या आहेत आणि त्या झाकून हा विषय मांडता येणार नाही. सिग्नल सायकललाही लागू असतो. ‘आमच्यामुळे कोणाला काय इजा होणार’ म्हणून तो तोडणारे सायकलस्वार झेब्रा क्रॉसिंगवरच्या आजोबांना विसरतात. कानात गाणी लावून वाहतुकीत शिरणे तर केवळ अविचार आहे. पहाटे सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या दिशेने जाणाऱ्या काही गटांना चौघे-चौघे शेजारी चालवण्याची सवय आहे. मागे वाहन आल्याचे कळताच एका ओळीत येणे त्यांना मुळीच अवघड नाही, आणि मी हे त्या गटांतील माझ्या तरुण मित्रमैत्रिणींना वारंवार सांगत असते.

सर्वांत गंभीर चूक उलट दिशेने येण्याची आणि दिव्याशिवाय चालवण्याची आहे. गेल्या हिवाळ्यात पौड रस्त्यावर रात्री दहाच्या सुमारास मी मोटार चालवत असताना एक सायकल समोरून, माझ्याच बाजूने, अंधारातून आली. तिला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता आणि चालवणाऱ्याचे कपडे गडद होते. ब्रेक वेळेवर लागला, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. मी खाली उतरले तेव्हा भीतीने माझ्यापेक्षा तोच अधिक गारठला होता. तो एका इमारतीवर रात्रपाळीचा पहारेकरी होता. दुभाजकातील मोकळी जागा बंद केल्यामुळे योग्य बाजूने जायचे तर त्याला बराच मोठा वळसा पडत होता. मोटारीला हा वळसा दोन मिनिटांचा असतो, रोज तासन्‌तास उभे राहून दमलेल्या पायांना तो तसा नसतो. त्याने केले ते चुकीचेच होते. मात्र एकेरी मार्ग आखताना आणि दुभाजक बंद करताना सायकलचा विचार कोणीच केला नसेल, तर त्या चुकीचा काही भाग आखणाऱ्यांकडेही जातो.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सायकलस्वार म्हटले की आता हेल्मेट आणि महागडी सायकल असलेला हौशी माणूस डोळ्यांसमोर येतो आणि मोटारचालकांचा रागही त्याच्यावरच असतो. प्रत्यक्षात शहरात रोज सायकल चालवणारे बहुसंख्य लोक मला पहाटे आणि रात्री दिसतात. पेपर टाकणारी मुले, दूध पोचवणारे, बांधकामावरचे मजूर, खाणावळीतले कामगार, पहारेकरी. त्यांना बाजू मांडायला वृत्तपत्रात पत्र लिहिण्याची सवड नाही. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळी माझे वडील रोज सायकलने कामावर जात. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागत असे आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत. ती तपासणी पुन्हा सुरू करायला माझी हरकत नाही. फक्त दंडाच्या पावतीऐवजी एक मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरची पट्टी जागेवरच लावून द्यावी, कारण दंडाने त्या पहारेकऱ्याची दिवसाची कमाई जाईल आणि सायकल तरीही अंधारातच राहील.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली, तेव्हा तिच्या मार्गावरील रस्ते नव्याने डांबरी झाले. मी त्या शर्यतीसाठी मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला आनंदही झाला. रस्ता सायकलच्या चाकाला साजेसा करणे या शहराला जमते, हे त्या निमित्ताने सिद्ध झाले. आता तेच काम कर्वे रस्ता, पौड रस्ता, टिळक रस्ता आणि सिंहगड रस्ता येथील डाव्या दीड मीटर पट्ट्यापुरते करावे, अशी माझी महापालिकेला विनंती आहे. झाकणे रस्त्याच्या पातळीला आणावीत, जाळ्यांच्या पट्ट्या आडव्या बसवाव्यात, खोदाईनंतरचे चर पूर्ण भरल्याशिवाय ठेकेदाराचे देयक देऊ नये आणि तो पट्टा आठवड्यातून एकदा झाडावा. वाहतूक शाखेने त्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या मोटारींवर निदान सकाळी आठ ते अकरा या वेळेत रोज कारवाई करावी. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी यांतील झाकणांचे आणि जाळ्यांचे काम तरी पूर्ण व्हावे, कारण पहिल्या पावसात रस्त्यावर पाणी साचले की खड्डा कोठे आहे हे सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलालाही दिसत नाही.

आपली नम्र,
एक वाचक,
कोथरूड, पुणे