वरणगावच्या काकांना, आमच्या रायफलीचं वय सांगितल्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं, ठेव आता’ म्हणता, म्हणून लिहितोय. उघड लिहितोय, कारण यावल-रावेरपासून चोपडा-शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला अजून बऱ्याच घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूक आहे. कर्ता माणूस गेला की वारसांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, अर्जात लिहायचं काय?

अण्णा गेल्यावर रायफल जळगावच्या परवानाधारक दुकानात जमा केली. बहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं झाली, बाकीचे कागदही जमले. घोडं अडलं ते वर्णनाच्या रकान्यात. परवान्याच्या जुन्या पुस्तकात बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, जागी नुसता शाईचा डाग. गावात मात्र शेंबडं पोरही सांगेल, ‘अण्णांची थ्री नॉट थ्री’. दिसायलाही ती पोलिसांच्या जुन्या रायफलीसारखीच. अर्जात तसंच गेलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हीच समजावलंत. .३०३ लष्करी बोअर, म्हणून प्रतिबंधित. त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही, प्रकरण थेट दिल्लीला जातं.

वरणगावच्या आयुध निर्माणीत आयुष्य काडतुसांत काढलेला माणूस असं आम्ही ऐकून होतो. त्यामुळे तुम्ही आल्या आल्या नंबर बघाल असं वाटलं होतं. तुम्ही आधी बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना ते पाहिलंत, दुकानदाराने आमच्यासमोर पाहिलेलं असूनही पुन्हा पाहिलंत. मग बोल्टच्या दांड्याच्या बुडाशी असलेला नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का ते ताडलंत. ‘जुळतो. म्हणजे बोल्ट हिचाच आहे, दुसऱ्या कुणाचा उचलून बसवलेला नाही.’ मी लगेच विचारलं, मग या नंबरावरून साल निघेल? तुम्ही म्हणालात, ‘नंबर हा हजेरीपटावरचा क्रमांक, जन्माचा दाखला नव्हे.’ नंबरावरून साल काढायचं तर कारखान्याची विक्रीवही हाताशी लागते. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स अशा नामांकित विलायती बंदूकवाल्यांच्या वह्या टिकल्यात. बाकीच्यांच्या बाबतीत धातूवर काय काय ठोकलंय तेच वाचायचं.

आणि ते वाचणं काय असतं ते त्या दुपारी बघितलं. पुढचं लाकूड उतरवलंत. बॅरलच्या खालच्या अंगाला ग्रीस आणि धूळ मिळून काळा थर झाला होता. दुकानातल्या एका कारागिराने पॉलिश पेपर पुढे केला, तुम्ही त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलंत की त्याने तो मुकाट्याने खिशात घातला. रॉकेलचा बोळा, जुना दात घासायचा ब्रश, मग खडूची भुकटी बोटाने चोळून वरून फुंकर. काळ्या पोलादावर पांढरी अक्षरं वर आली. मुकुट आणि त्याखाली एनपी, म्हणजे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात बिनधुराच्या दारूवर तपासलेली. शेजारी कॉर्डाइटचं, म्हणजे त्याच बिनधुराच्या दारूचं, आणि गोळीचं वजन. १९५४ नंतरच्या नियमांत तिथे टनांत दाब लिहायला लागले, म्हणजे ही त्याआधीची. वरच्या बाजूला ‘बीएसए गन्स लिमिटेड’. या नावाची कंपनी १९१९ साली वेगळी झाली, म्हणजे ही त्यानंतरची. मग तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. फुलीसारखे दोन दंड आणि त्यांच्या खाचेत ज्वारीच्या दाण्याहून लहान अक्षर, जी. ही अक्षरमाला १९२१ ला ए पासून सुरू झाली. मी बोटांवर मोजलं. १९२७.

बोअरही तिथेच मिटला. बॅरलवर .३१५ स्वच्छ होतं. इंग्रज सरकारला हिंदुस्थानात लष्करी काडतूस लोकांच्या हाती नको होतं, म्हणून बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावरून ही वेगळी मापं काढली, हे मला तुमच्याकडून कळलं. अण्णांच्या डब्यातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवरचं केएफ म्हणजे खडकीचा कारखाना, हेही. दस्त्याचं लाकूड तुम्ही नखाने खरवडून बघितलंत आणि हसलात. पुढचं अक्रोड विलायती, मागचं शिसव आपल्याकडच्या सुताराचं. सुताराला मात्र तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिलेत.

सगळ्यात जास्त आभार आत्यांसाठी. खानदेश एकच जिल्हा होता तेव्हा कलेक्टर साहेबाने पणजोबांना ही रायफल दिली, हे आत्या सत्तर वर्षं सांगत आल्यात. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले १९०६ ला. हिशेब उघड होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘ताई, साहेबाने दिलेली वेगळी असेल, ही आजोबांनी नंतर घेतली असेल.’ आत्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, हो, माडीवर आणखी एक नळी होती खरी. खरं-खोटं देव जाणे. पण १९२७ त्यांनी मान्य केलं, आणि पणजोबांचा मानही राहिला.

अर्ज .३१५, बीएसए, दोन्ही ठिकाणचे नंबर आणि खुणांच्या फोटोंसह दिलाय. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, त्यामुळे रायफल कपाटात राहणार आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जाऊन येणार. तुम्ही सांगितलंत तसा पॉलिश पेपर कुणाला लावू देणार नाही, नुसता तेलाचा हात.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत. थंडीत मळ्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होतील, त्याला तरी नाही म्हणू नका, काकूंनाही आणा. आणि एक काम आहे. रावेरच्या मावसभावाकडे आजोबांची दुनळी आहे, घोडे बाहेर असलेली, नळ्यांवर वेलबुट्टी. तो नंबर टाकून मोबाइलवर साल शोधत बसलाय. त्याला म्हटलं, थांब, काकांना विचारतो.

आपला,
यावल तालुक्यातला केळीवाला