चिलापीचा खिमा करा

उजनी जलाशयातील लहान चिलापी (तिलापिया) माशाला भाव मिळत नसल्याची आपली बातमी वाचली. हा मासा निकृष्ट मुळीच नाही. त्याच्या मांसात शेकडा १८ ते २० भाग प्रथिने असतात, शिवाय रोहू-कटल्यासारखे बारीक दुशाखी काटे त्यात नसतात. अडचण आकाराची आहे: साफ करायला वेळ जातो आणि हाती मांस थोडे येते, म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकते. यावर उपाय आहे. काटे आणि कातडी वेगळी करणाऱ्या यंत्रातून निव्वळ खिमा निघतो, त्याचे कटलेट, वडे करता येतात. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था अशा पदार्थांवर काम करते. सोलापूरच्या बचत गटांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी परगावी पोचवली. त्याच बायकांच्या हाती हा खिमा द्यावा. मात्र भाकरी महिनाभर टिकते, मासळी उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही. त्यामुळे जिल्हा प्रशासनाने पहिला पैसा यंत्रावर घालू नये. तो धरणकाठच्या बर्फावर आणि शीतगृहावर घालावा.

– एक वाचक, जुळे सोलापूर