विमानप्रवासाचे तास असे मोजत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लांब पल्ल्याच्या विमानांचा तक्ता वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, १६ तास. येतानाही १६ तासच! अहो, विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. थेट विमानातही जाण्यायेण्यात तास-दीड तासाचा फरक सहज पडतो. आणि वाट तरी सरळ कुठे असते? २०२२ मध्ये युरोपच्या विमानांना रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांनाही वळसा पडला. नकाशावरचं अंतर होतं तेवढंच राहिलं.

माझी आई मधुमेही आहे, इन्सुलिनवर. ती भावाकडे न्यू जर्सीला निघाली तेव्हा तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने "सोळा तास, मावशी आरामात झोपून जातील" असं सांगून चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं. तिकीट होतं आखातात विमान बदलायचं. डॉक्टरांनी प्रवास किती तासांचा म्हणून विचारलं, आम्ही ती चिठ्ठी पुढे केली, आणि डोसांच्या वेळा त्यावर बसल्या. प्रत्यक्षात दुपारी गाडीने घर सोडलं, इंदापूर, पुणे करत रात्री मुंबई गाठली, विमानतळावर तीन तास आधी हजर. मग पहिलं विमान, मधला मुक्काम, दुसरं विमान. दारापासून दारापर्यंत दीड दिवसाच्या वर गेला.

मधल्या विमानतळावर ती व्हीलचेअरमध्ये बसून होती. मनगटावरचं घड्याळ अजून सोलापूरचंच. चिठ्ठीप्रमाणे इन्सुलिन घेतलं, पण जेवण मिळायचं होतं ते पुढच्या विमानात. साखर उतरली, दरदरून घाम फुटला. पर्समध्ये कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, पण हात इतके थरथरत होते की भाकरीचा तुकडा मोडेना. शेजारी बसलेल्या एका केरळी नर्सने ते पाहिलं आणि स्वतःजवळचा ज्यूस पाजला, म्हणून निभावलं. त्या बाईंचं नाव विचारायचंही भान आईला राहिलं नाही. हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आपलं छापलेलं लोक खरं धरून चालतात, संपादक महाशय. म्हाताऱ्या आईवडिलांना एकटं पाठवणारी घरं सोलापुरात आता गल्लोगल्ली आहेत. जायचे तास वेगळे, यायचे वेगळे असे द्या. विमान बदलायचं असेल तर मधले तास धरा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तेव्हा औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून नव्याने लावून घ्या, ही एक ओळ तरी तळाशी हवी होती.

आणखी एक. त्या तक्त्यात सोलापूर कुठेच नाही. विमानतळासाठी २०२३ मध्ये कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं आणि पुढे मुंबईचं विमान सुरू झालं. मुंबईहून रात्री उशिरा सुटणाऱ्या परदेशी विमानाला आपलं विमान जोडून मिळतं का, सामान मुंबईत पुन्हा ताब्यात घ्यावं लागतं का, व्हीलचेअर इथूनच सांगून ठेवता येते का, हे आपल्या वार्ताहराने होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर जाऊन विचारावं आणि ठळक छापावं.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर