काकांचा खांदा

प्रिय सुहास,

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काकांचा हात हलत नाही, यापेक्षा खांदा रात्रभर ठणकतो याचाच तुम्हाला जास्त ताप झालाय, हे फोनवर कळलं. तेव्हा ओपीडीत गर्दी होती, म्हणून आता सविस्तर लिहितो. काकूंनाही वाचून दाखव. दिवसभर तो हात त्याच सांभाळतात.

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. खोबण उथळ, त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. झटक्यानंतर स्नायू लुळे पडले की हाताचं वजनच गोळ्याला खाली ओढतं. काकांना खुर्चीत बसव आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली हलकेच बोट फिरवून बघ, खळगा लागेल. घाबरू नकोस, खळगा असलेला प्रत्येक खांदा दुखतोच असं नाही. पण अशा खांद्याला ओढाताण अजिबात सोसत नाही. आणि घरोघरी नेमकं तेच चालतं: काखेत हात घालून उचलायचं, नाहीतर लुळा हात धरून बिछान्यात वर सरकवायचं. हे आजपासून बंद. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि उठवताना तो धरा.

आता दोरीने हात वर ओढायला तुझ्या मेहुण्यांनी दाराला लावलेली कप्पी. ती काढ, मी सांगितलं म्हणून सांग. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण ६० अंश पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचे असतात. पॅरालिसिसमध्ये ते हाड नीट फिरत नाही, कप्पी मात्र हात ओढतच राहते आणि सांध्यातले स्नायूबंध मध्ये चेमटतात. १९९० सालच्या एका लहानशा अभ्यासात कप्पीवाल्या गटातल्या ६२ टक्के लोकांना खांदेदुखी झाली; थेरपिस्टने स्वतः हात हलवला त्या गटात ८ टक्क्यांना.

घरी येणारा फिजिओ काय करतो ते जवळ बसून बघ. त्याचा एक हात फऱ्यावर हवा. आधी तो फरा पुढे-वर सरकवेल, मग काकांचा दंड बाहेरच्या बाजूला वळवेल आणि त्यानंतरच हात वर नेईल, तोही दुखेल तिथे थांबून. ‘दुखल्याशिवाय मोकळा होत नाही’ असं म्हणणारा असेल तर सरळ दुसरा शोध. मालिशवाल्यालाही हाच नियम.

बसल्यावर हात उशीवर, कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण टेकलेला. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर घातली तर हात छातीशी आखडतो. सदरा घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. गरम पिशवी नको, त्या बाजूला चटका कळत नसेल तर कातडी भाजेल.

करंटच्या मशीनचं विचारलंस. सुरुवातीच्या काळात स्नायू आकसवणाऱ्या करंटने खळगा कमी व्हायला मदत होते. दुखणं त्याने थांबेलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुढे हात कडक होऊ लागला तर बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. पण पंजा सुजला, गरम आणि चकचकीत दिसला, बोटांना हात लावू देईनात, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल कर. काकांना पलंगावरून खुर्चीत नेताना कोण कुठे उभं राहतं, ते मला बघायचंय. काकूंना नमस्कार.

तुझा,
अवी