सईस पत्र : सगळे धर्म एकच सांगत नाहीत

सोलापूर

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर पुण्याच्या तुझ्या वॉर्डातल्या, रात्रीची गोळी न घेणाऱ्या जैन आजींबद्दल सांगताना तू म्हणालीस, "आई, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात ना, मग पेशंटचे नातेवाईक एवढा हट्ट का धरतात?" तुझी ड्यूटी सुरू व्हायची होती म्हणून मी विषय वाढवला नाही. आता सवडीने लिहिते.

हे वाक्य लोक चांगल्या मनाने बोलतात, पण ते खरं नाही. खोटं बोलू नये, चोरी करू नये, भुकेल्याला घास द्यावा, इथवर सगळ्यांचं जमतं. पण माणूस म्हणजे नेमका काय, त्याच्या दुःखाचं मूळ कशात आहे, मेल्यावर त्याचं काय होतं, असं विचारलंस की उत्तरं वेगवेगळी येतात, आणि कितीदा तर एक उत्तर दुसऱ्याला सरळ खोडून काढतं. माझी अख्खी नोकरी सोलापूरच्या दवाखान्यात गेली. इथल्या एकेका वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. बॉडी ताब्यात देताना कोण काय मागतं, कशाला नको म्हणतं, हे बघूनच मला धर्म कळत गेले. म्हणून तिथूनच सांगते.

आधी आपलं लिंगायतांचं घर. अज्जा गेले तेव्हा तू लहान होतीस, फार आठवत नसेल. त्यांना आडवं नव्हतं ठेवलं. अंघोळ घातली, कपाळाला, दंडांना विभूती लावली आणि भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं. रुद्रभूमीतही तसंच बसवून, बेल-विभूती वाहून माती दिली. शेजारच्या काकू हळूच विचारत होत्या, "अग्नी नाही देणार?" आपल्यात दीक्षेच्या वेळी लिंग अंगावर येतं, तेव्हापासून देहच देऊळ झाला असं मानतात. त्याला वेगळा अग्नी देऊन शुद्ध करायचं कारण उरत नाही. गेलेला माणूस लिंगैक्य, म्हणजे शिवाशी एकरूप झाला, म्हणून पिंड नाही आणि सुतकही नाही. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी हे मांडलं. कष्टाचं काम हीच पूजा, म्हणजे कायक, आणि कमाईतून समाजाला द्यायचं तो दासोह. आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याच मंडळींतले.

आता याच सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा डोळ्यांसमोर आण. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर "दिड्डम, दिड्डम, सत्यम, सत्यम" म्हणत कुंभारकन्येशी त्यांच्या योगदंडाचं लग्न लागतं. अक्षता टाकायला सगळ्या जातींचं गाव लोटतं. तत्त्वाने बोलायचं तर अंगावरचं लिंग पुरेसं आहे, दगडाच्या लिंगाकडे जायची गरज नाही, आणि वहिवाट अशी की अडुसष्ट ठिकाणी तेल वाहायचं. मला यात खोटेपणा दिसत नाही. मात्र कुठल्याही धर्माचं तत्त्व आणि त्या माणसांची वहिवाट वेगवेगळी समजून घ्यायला मी इथे शिकले, आणि पुढे ते प्रत्येक धर्माच्या पेशंटबाबत उपयोगी पडलं.

बाकी हिंदू घरांत तुळशीचं पान, गंगाजल, दहन, दहाव्याला कावळा, तेराव्याला गोडाचं जेवण हे तू पाहिलेलं आहेस. त्यामागे आत्मा मरत नाही, केलेल्या कर्मानुसार पुढचा देह घेतो आणि शेवटी या फेऱ्यातून सुटतो, ही समजूत. पण इथेही एकमत नाही. शंकराचार्य आत्मा आणि ब्रह्म एकच म्हणतात, मध्वाचार्य म्हणतात जीव आणि देव कायमचे दोन. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला येणाऱ्या वारकऱ्याला विचार, त्याला मोक्षाची घाईच नाही, त्याला विठ्ठलाचं नाम हवं. तुकोबांनी मुक्तीपेक्षा संतसंगतीच मागितली.

बौद्धांना आत्माच मान्य नाही, आणि जग निर्माण करणारा देवही नाही. सगळं क्षणोक्षणी बदलतं, दुःखाला तृष्णा हे कारण आहे, कारण गेलं की दुःख जातं आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. आपल्याकडे बुधवार पेठेत मिलिंदनगर आहे ना, त्या मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना हेच विचारलं होतं की आत्मा नाही तर पुन्हा जन्मतं कोण? नागसेनांनी उलट विचारलं, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात गेलं का? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. तेव्हा बौद्ध कुटुंबाला "गंगाजल आणू का?" असं कुणी मायेने विचारलं तरी ते त्यांच्या जिव्हारी लागू शकतं. तिथे त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. हे तुझ्या वॉर्डातल्या मावश्यांना आणि वॉर्डबॉयनाही सांगून ठेव.

मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्याबद्दल जास्त लिहिते, कारण दोघांना एका दोरीत बांधायची लोकांना सवय आहे. एक ईश्वर, प्रेषित, शेवटचा न्याय, देहासकट पुन्हा उठणं, हे दोघांत आहे, आणि म्हणूनच दोघांकडे मातीत पुरण्याची चाल. (कॅथलिकांना दहनाची मुभा रोमने 1963 साली दिली.) पण येशूपाशी दोघांची वाट फुटते. कुराणात ईसा आदराने येतात. कुमारी मरियमचा मुलगा, चमत्कार करणारा, मोठा पैगंबर. मात्र ते अल्लाचे पुत्र नाहीत, आणि त्यांना क्रुसावर मारलंही गेलं नाही, असं कुराण स्पष्ट सांगतं. ख्रिस्ती माणसाचं सगळं तर त्या क्रुसावरच उभं आहे. माणूस स्वतःच्या पापाची भरपाई करू शकत नाही, ती येशूने आपला प्राण देऊन केली आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हे काढून घेतलंस तर त्या धर्मात उरतं काय? पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, हे 325 साली निकियाच्या परिषदेत धर्मगुरूंनी ठरवलं. इस्लामला नेमकं तेच अमान्य आहे, अल्लाला भागीदार जोडणं हे त्यांच्याकडे सर्वांत मोठं पाप. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. "तुमचं आमचं एकच" असं म्हटलं की दोघांचंही ऐकलं नाही असं होतं.

आचरणातही तसंच. इस्लाममध्ये काय करायचं ते बांधून दिलेलं आहे. कलमा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, ठरावीक मर्यादेपुढच्या शिल्लक मालमत्तेचा चाळिसावा हिस्सा जकात, आणि ऐपत असेल तर हज. ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा, प्रभुभोजन, रविवारची उपासना. कॅथलिक पेशंट अत्यवस्थ झाला की फादरला बोलवायची विनंती येईल, तेल लावून प्रार्थना करतात, तेवढी दहा मिनिटं पडदा ओढून दे. प्रॉटेस्टंटांकडे पाद्री येतील, पण तेलाचा संस्कार त्यांच्यात तसा नाही. 1517 नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मुसलमान कुटुंबाला दफनाची घाई असते. पुरुषाला तीन आणि बाईला पाच न शिवलेल्या पांढऱ्या कापडांचं कफन, कबरीत उजव्या कुशीवर, तोंड काबाकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. पोस्टमॉर्टेमला ते नाखूश असतात ते देहाची विटंबना वाटते म्हणून. एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस असेल तर कायद्यापुढे इलाज नाही, पण कागदपत्रं पुढे सरकवणं तुझ्या हातात आहे. आणि रमजानात साखरेचा पेशंट गोळी नको म्हणाला तर रागावू नकोस. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलायची मुभा कुराणातच आहे. हे आपण सांगून पटत नाही, मौलानांनी सांगितलं की पटतं. मी तर फोन लावून द्यायची.

एका रात्री माझ्या वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोघे अखेरच्या घटका मोजत होते. एक यंत्रमागावर काम केलेले चाचा, त्यांचा मुलगा कानाशी कलमा म्हणत होता. खाट पश्चिमेकडे वळवायची होती, सलाइनच्या स्टँडसकट मी आणि वॉर्डबॉयने ती वळवली. पलीकडच्या आजींची सून तुळशीचं पान शोधत होती, ते दवाखान्याच्या मागच्या कुंडीतून आणलं. दोघांना धीर हवा होता हे खरं, पण चाचांना न्यायाच्या दिवशी अल्लासमोर उभं राहायचं होतं आणि आजींना पुढच्या प्रवासाला निघायचं होतं.

पुण्यात तुला सोलापुरात फारसे न भेटणारे लोकही भेटतील. शीख पेशंटचे केस ऑपरेशनसाठी काढायचे असतील तर आधी विचार, हातातलं कडंही परस्पर उतरवू नकोस. त्यांच्या ग्रंथसाहिबात आपल्या पंढरीच्या नामदेवांची 61 पदं आहेत, हे सांगितलंस तर त्यांना फार आनंद होतो. पारशी आग, पाणी, माती यांना इतकं पवित्र मानतात की प्रेत त्यांना लागू नये म्हणून ते दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात गिधाडांसाठी ठेवायचे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं मेली आणि त्यांची पंचाईत झाली. आपण रोज टोचतो ते इंजेक्शन एका धर्माच्या अंत्यविधीपर्यंत पोचलं, याचं मला अजून नवल वाटतं. ज्यू कुटुंब आलं तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. जीव वाचवायला तो मोडायची त्यांच्या धर्माचीच आज्ञा आहे, म्हणून उपचार अडत नाहीत. कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलांना लोक शनिवार तेली म्हणायचे ते याच विसाव्यामुळे, आणि त्यांची घरची भाषा मराठीच.

आता तुझ्या वॉर्डातल्या त्या जैन आजी, ज्या रात्रीची गोळी घेत नाहीत. त्यांचा चौविहार असणार. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. जैनांचं कर्म आपल्यासारखं नुसतं पापपुण्याचं नाही. ते सूक्ष्म द्रव्य आहे आणि राग, लोभ, हिंसा यांनी जिवाला चिकटतं असं ते मानतात. माती, पाणी, वनस्पती सगळ्यांत जीव, म्हणून कंदमुळं नकोत, पाणी उकळून, आणि अंधारात जेवताना किडामुंगी मरेल म्हणून रात्री खाणं नको. आजींना हा हट्ट वाटत नाही, त्या आत्म्यावरचा मळ वाढू देत नाहीत. त्यांच्यातले काही जण तर शेवट जवळ आलेला पाहून गुरूंच्या परवानगीने अन्नपाणी कमी करत सल्लेखना घेतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ती आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. डॉक्टर म्हणून तुझं मत वेगळं असेल, माझंही आहे, पण ते आजींच्या खाटेपाशी मांडू नकोस.

तू एवढंच कर. सरांना विचारून संध्याकाळचा डोस सूर्यास्ताआधी देता येतो का बघ, डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला मावळतो. केस पेपरवर वेळ ठळक लिही, म्हणजे रात्रपाळीची सिस्टर पुन्हा वाद घालणार नाही. गोळीऐवजी कॅप्सूल असेल तर आधी सांग, बहुतेक कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जिलेटिनचं असतं, आणि ते नंतर कळलं तर त्या फार कष्टी होतील. तेच औषध गोळीत किंवा सिरपमध्ये मिळतं का हे फार्मसीत विचार. त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन नियम नीट समजून घे, कारण प्रत्येक घरात थोडं वेगळं असतं. काय ठरलं ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई